पीबीएस पडलं की सोनं निळं का होतं? अँटिबॉडी लावलेल्या नॅनोकणांच्या गुठळ्या शोधताना

सोमवारी बॅच झकास होते. ट्यूबमध्ये माणकासारखा लाल द्रव, उजेडासमोर धरला तर आरपार दिसणारा. बुधवारी तीच कृती, तेच हात, तीच पिपेट. पीबीएसचे (शरीरातल्याइतकं मीठ असलेल्या फॉस्फेट बफरचे) दोन थेंब पडतात आणि दहा-पंधरा सेकंदांत लालाचं जांभळं, जांभळ्याचं निळसर करडं होतं. तासाभराने तळाशी काळी भुकटी आणि वर स्वच्छ पाणी. दूध नासावं तसं सोनं नासलेलं असतं.

सोन्याच्या नॅनोकणांवर अँटिबॉडी (एका ठरावीक रेणूलाच धरणारं प्रथिन) चढवून एखादं प्रथिन शोधणाऱ्या किंवा पेशीवरच्या एकेका रेणूचा (रिसेप्टरचा) माग काढणाऱ्या प्रत्येकाला हे कधी ना कधी भोवतंच. आणि एकदा होऊन थांबत नाही, मधूनमधून होत राहतं. त्यामुळे बॅच बिघडली की दोष पाण्याला, हवामानाला, नशिबाला जातो.

पूर्ण नासलेली बॅच मात्र मला परवडते, कारण ती निदान डोळ्यांना दिसते. खरा त्रास अर्ध्या नासलेलीचा. तिचा रंग लालच राहतो, ती मायक्रोस्कोपखाली जाते, व्हिडिओ होतो, आणि ट्रॅकिंगच्या आलेखात दोन गट दिसतात: एक भरभर फिरणारे कण, दुसरे संथ. मग कुणीतरी म्हणतं, "म्हणजे या रिसेप्टरच्या दोन अवस्था आहेत!" मी स्वतः असल्या एका संथ गटामागे दोन महिने घालवले आहेत. त्याचं पुढे काय झालं ते शेवटी सांगते. आधी ट्यूबकडे बघू.

रंग का बदलतो

सोन्याच्या कणातले मुक्त इलेक्ट्रॉन प्रकाशाबरोबर झुलतात आणि एका ठरावीक तरंगलांबीला सगळ्यात जोरात झुलतात. सुटा ४० नॅनोमीटरचा कण पाण्यात ५३० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे हिरवा प्रकाश खातो, म्हणून द्रव लाल दिसतो. दोन कण एकमेकांना चिकटले की त्यांचे इलेक्ट्रॉन जोडीने झुलतात, शोषण ६००–७०० नॅनोमीटरकडे सरकतं आणि द्रव निळा दिसू लागतो. मायकेल फॅरडेने १८५७ साली रॉयल सोसायटीपुढे मांडलेल्या निबंधात हेच नोंदवलं होतं: माणकी रंगाच्या सोन्याच्या द्रवात साधं मीठ पडलं की तो निळा होतो.

मीठ काय करतं? सायट्रेटने तयार केलेल्या कणांवर ऋण विद्युतभार असतो आणि त्या भारामुळे कण एकमेकांना लांब ठेवतात. मिठाचे आयन हा भार झाकून टाकतात. १ मिलिमोलर मिठात हे लांब ठेवणारं बळ साधारण १० नॅनोमीटरपर्यंत पोचतं. पीबीएसमध्ये, म्हणजे १५० मिलिमोलरच्या आसपास, ते जेमतेम ०.८ नॅनोमीटर उरतं. तेवढ्या अंतरावर कणांमधली ओढ जिंकते. तेव्हा पीबीएसमध्ये कण टिकणार ते फक्त अंगावर प्रथिनांचा सलग थर असला तरच. त्या थरात जिथे भोक, तिथे गुठळी. यापुढचा सगळा शोध त्या भोकाचाच.

पहिली पाच मिनिटं

काहीही बदलण्याआधी स्पेक्ट्रम घ्या, ४०० ते ८०० नॅनोमीटर. नुसतं ५३० चं शोषण मोजून भागत नाही. अँटिबॉडी नीट बसली की शिखर ३ ते ५ नॅनोमीटरने उजवीकडे सरकतं आणि उंच, अरुंद राहतं. ते दहाच्या वर सरकलं, किंवा ६५० च्या बाजूला खांदा उचललेला दिसला, तर गुठळ्या सुरू झाल्या आहेत, डोळ्यांना द्रव कितीही लाल दिसो. कोऱ्या सोन्याचा त्याच दिवशीचा स्पेक्ट्रम शेजारी ठेवा. आठवणीतल्या आलेखाशी तुलना करू नका.

डीएलएस (विखुरलेल्या प्रकाशावरून कणांचा आकार मोजण्याची सोय) असेल तर तेही करा, पण त्याचा स्वभाव ओळखून. विखुरलेला प्रकाश व्यासाच्या सहाव्या घाताने वाढतो, त्यामुळे मूठभर मोठ्या गुठळ्या हजारो सुट्या कणांचा आवाज दाबून टाकतात. ४० च्या कणावर अँटिबॉडी आणि बीएसए (मोकळ्या जागा भरायला वापरलं जाणारं गाईच्या रक्तातलं प्रथिन) चढल्यावर ६०–६५ नॅनोमीटर आलं तर ठीक. २०० आलं तर एक तर सगळं बिघडलंय, किंवा अगदी थोडं बिघडलंय. कोणतं ते डीएलएस सांगत नाही, स्पेक्ट्रम सांगतो.

मिठाची चाचणी टाळू नका

अँटिबॉडीचं प्रमाण "गेल्या वेळी चाललं होतं" म्हणून वापरलं जातं, आणि गोम बहुतेक वेळा इथेच असते. अंदाज बांधायला हिशोब सोपा आहे. ४० नॅनोमीटरच्या कणाचं क्षेत्रफळ सुमारे ५००० चौरस नॅनोमीटर, त्यावर ५० ते १०० आयजीजी (नेहमीच्या वापरातल्या अँटिबॉडी) मावतात. ओडी १ (शिखराशी शोषण १) असलेल्या सोन्यात दर मिलिलिटरला साधारण ९×१०¹⁰ कण असतात. १०० च्या हिशोबाने दर मिलिलिटरला लागली जेमतेम २ मायक्रोग्रॅम अँटिबॉडी. प्रत्यक्षात त्याच्या दुप्पट-चौपट लागते, कारण सगळीच चिकटत नाही. पण तुमच्या कृतीत अर्धा मायक्रोग्रॅम लिहिलेला असेल, तर पुढचं वाचायची गरज नाही, सापडलं.

चाचणी अशी. दहा छोट्या ट्यूब, प्रत्येकीत पीएच जुळवलेलं १०० मायक्रोलिटर सोनं. त्यात वाढत्या प्रमाणात पातळ केलेली अँटिबॉडी, प्रत्येकी १० मायक्रोलिटर. दहा मिनिटं थांबा. मग प्रत्येकीत १० टक्के मिठाचं पाणी, १० मायक्रोलिटर. पुन्हा दहा मिनिटं. पांढऱ्या कागदावर ट्यूब ओळीने लावल्या की कुठवर निळं आणि कुठून लाल ते उघड दिसतं. लाल राहिलेल्या पहिल्या ट्यूबमधलं प्रमाण घ्या आणि वर थोडं जास्त धरा. मी दीडपट धरते.

दोन ट्यूब जास्तीच्या ठेवाच. एकीत अँटिबॉडी नाही पण मीठ आहे: ही निळी व्हायलाच हवी. झाली नाही तर तुमच्या सोन्यात आधीच काहीतरी स्थिर करणारं मिसळलेलं आहे आणि अख्खी चाचणी खोटी आहे. दुसरीत अँटिबॉडी नाही आणि मीठही नाही: ही लाल राहायला हवी. आणखी एक गंमत या रांगेत कधीकधी दिसते. अगदी थोडी अँटिबॉडी घातलेली ट्यूब मीठ पडण्याआधीच जांभळट होते, अँटिबॉडी नसलेल्या ट्यूबपेक्षाही वाईट. कारण अपुरी प्रथिनं दोन कणांमध्ये पुलासारखी बसतात. थोडीशी अँटिबॉडी ही शून्य अँटिबॉडीपेक्षा घातक, हे लक्षात असू द्या.

पीएच, आणि ती काचेची दांडी

अँटिबॉडी तिच्या समविभव बिंदूच्या (ज्या पीएचला तिचा एकूण विद्युतभार शून्य होतो त्याच्या) किंचित वरच्या पीएचला सोन्यावर छान बसते. बऱ्याच अँटिबॉडींना ८.५ ते ९ मानवतं. सायट्रेटचं सोनं मुळात किंचित आम्लधर्मी असतं, म्हणून त्यात पोटॅशियम कार्बोनेट किंवा पातळ बोरेट घालून पीएच वर आणावा लागतो. प्रत्येक अँटिबॉडीचा बिंदू वेगळा असल्याने पीएच बदलत जाऊन वरचीच मिठाची चाचणी आणखी एकदा करणं हा उत्तम मार्ग. कंटाळवाणं आहे, पण एका अँटिबॉडीला एकदाच करायचंय.

आता माझ्या "सोमवारी होते, बुधवारी नासते"चं रहस्य. आमच्याकडे काही जण पीएच मीटरची दांडी थेट सोन्यात बुडवत होते, काही जण पट्टी वापरत होते. दांडीच्या तोंडातून पोटॅशियम क्लोराइडचं संपृक्त पाणी सतत झिरपत असतं, म्हणजे आपणच सोन्यात मीठ सोडत असतो. वर सोनं त्या सच्छिद्र तोंडात बसून दांडी बुजवतं, आणि मग आकडाही खोटा येतो. कोणत्या दिवशी कुणी मोजलं यावर बॅचचं नशीब ठरत होतं! वहीत "पीएच ८.८" एवढंच लिहिलेलं, कशाने मोजला ते कुणी लिहिलंच नव्हतं. पट्टी वापरा, किंवा सोन्याचा थोडासा नमुना बाजूला काढून त्यात मोजा आणि तो फेकून द्या.

अँटिबॉडीच्या कुपीत आणखी कोण आहे

कुपीवरचं लेबल बारकाईने वाचा. विकत मिळणाऱ्या अँटिबॉडीत बऱ्याचदा सोडियम अझाइड असतं, ग्लिसरॉल असतं, ट्रिस (एक बफर) असतं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे टिकाऊपणासाठी घातलेलं बीएसए किंवा जिलेटिन. अझाइड सोन्याच्या पृष्ठभागाशी झगडतं. मीठ तर असतंच. बीएसए मात्र वेगळाच घात करतं: कुपीत अँटिबॉडीच्या कित्येक पट बीएसए असेल तर सोन्यावर तेच आधी जाऊन बसतं. बॅच सुंदर लाल राहते, मिठाची चाचणी पास होते, स्पेक्ट्रम देखणा येतो, आणि कण लक्ष्याला ढुंकूनही विचारत नाहीत. लाल पण आंधळी बॅच. हिचं निदान फक्त बांधणीच्या चाचणीने होतं: पट्टीवर किंवा प्लेटच्या खळग्यात लक्ष्य-प्रथिन चिकटवा, कण सोडा, धुवा, लाल डाग उरतो का पाहा. गर्भचाचणीच्या पट्टीवरची लाल रेघ बहुतेकदा याच सोन्याची असते, तेव्हा तंत्र काही नवं नाही.

उपाय: "वाहक प्रथिनाविना" असं लिहिलेली कुपी मागवा आणि वापरण्याआधी डिसॉल्टिंग कॉलममधून किंवा डायलिसिसने पातळ बफरमध्ये आणा. कॉलम अझाइड आणि मीठ काढतो, बीएसए काढत नाही. यात गल्लत होते.

मिसळण्याची पद्धत, सेंट्रिफ्यूज, आणि पीबीएसची घाई

अँटिबॉडी थेंबथेंब घालू नका. पहिल्या थेंबाजवळचे कण तुडुंब, लांबचे उपाशी, आणि वर सांगितलेले पूल तयार होतात. ढवळत असताना एका झटक्यात सगळी घाला, किंवा उलट, अँटिबॉडीवर सोनं ओता. अर्ध्या तासाने १ टक्का होईल इतकं बीएसए घाला, म्हणजे राहिलेली भोकं बुजतील. पाच हजार रेणुभाराचा थायॉल-पीईजीही (सोन्याला चिकटणारी लांब साखळी) छान चालतो. नुसतं ट्वीन-२० (साबणासारखा पदार्थ) घालून काम भागवणारे पाहिलेत, मला ते पटत नाही. धुताना ते निघून जातं आणि भोक पुन्हा उघडं पडतं.

जास्तीचं प्रथिन धुऊन काढताना सेंट्रिफ्यूजमध्ये लोक फार जोर लावतात. हिशोब करा: ४० नॅनोमीटरचा सोन्याचा कण १५०० जी ला (गुरुत्वाकर्षणाच्या १५०० पट जोराला) दर सेकंदाला साधारण २४ मायक्रोमीटर खाली जातो, म्हणजे ३ सेंटिमीटर उतरायला वीसेक मिनिटं. अर्धा तास पुरे. २० नॅनोमीटरच्या कणांना याच्या चौपट जोर लागतो. कुणीतरी २० ची कृती ४० वर चालवतं आणि कण तळाशी चेचले जातात. पेलेट कसा दिसतो ते पाहा. चांगला पेलेट म्हणजे तळाशी गडद लाल, ओघळणारा थेंब. ट्यूब तिरकी केली की तो सरकतो. वाईट पेलेट म्हणजे भिंतीला चिकटलेला काळा, चमकदार पापुद्रा. तो पिपेटने खरवडून परत मिसळलात तर गुठळ्या मोकळ्या होत नाहीत, फक्त लहान होतात, आणि अर्धी नासलेली बॅच इथेच जन्मते. पापुद्रा तिथेच राहू द्या, लाल थेंब तेवढा उचला.

पुन्हा विरघळवताना सरळ पीबीएस नको. आधी २ मिलिमोलर बोरेट आणि १ टक्का बीएसए. पीबीएसमध्ये शेवटच्या क्षणी, तेही बीएसएसकट. ट्यूब कमी चिकटणाऱ्या प्लॅस्टिकच्या घ्या. साठवण ४ अंशांवर, कधीच गोठवू नका. बर्फाचे स्फटिक कणांना एकमेकांवर दाबतात आणि ते परत सुटत नाहीत.

ईडीसीने (रासायनिक बंध घडवणाऱ्या रसायनाने) अँटिबॉडी जोडणाऱ्यांसाठी दोनच गोष्टी. बाटली फ्रीजमधून काढल्या काढल्या उघडू नका, ओल धरली की ईडीसी मरतं. आणि त्या टप्प्यात ट्रिस किंवा ग्लायसीन असलेला बफर वापरू नका. त्यांचे अमाइन गट अँटिबॉडीची जागा घेतात.

आता मायक्रोस्कोपखाली

ट्यूबमध्ये सगळं ठीक असूनही डार्क-फील्डमध्ये (काळ्या पार्श्वभूमीवर फक्त विखुरलेला प्रकाश दाखवणाऱ्या मायक्रोस्कोपखाली) आकाशभर तारे दिसत असतील, तर आधी कोरी स्लाइड बघा, सोन्याविना. डार्क-फील्डमध्ये धुळीचा कणही चमकतो, तेलातला बुडबुडाही, आणि पेशीतल्या पुटिका तर हमखास. बारीक सोनं शोधणं म्हणूनच अवघड: सहाव्या घाताचा नियम सांगतो की ४० नॅनोमीटरचा कण ८० च्या तुलनेत ६४ पट फिका दिसतो. पेशीच्या गर्दीत ४० शोधण्यापेक्षा ६० किंवा ८० घ्यावा, असं माझं मत. रेणूला ओझं जास्त होतं हे खरं, पण न दिसणाऱ्या कणाचा माग काढता येत नाही.

रंगीत कॅमेरा असेल तर तो इथे सोन्याहून मोलाचा. सुटा कण हिरवा दिसतो. जोडी पिवळी-नारिंगी, मोठी गुठळी लाल. ट्यूबमध्ये निळं ते इथे लाल, कारण तिथे आपण उरलेला प्रकाश पाहतो आणि इथे कणाने फेकलेला. हे पहिल्यांदा पाहणारा नेहमी गोंधळतो. रंगीत कॅमेरा नसेल तर तेजाचा हिस्टोग्राम काढा. जोडीचं आकारमान दुप्पट, म्हणून तेज ढोबळमानाने चौपट. रंग सरकत असल्याने आकडा नेमका चार येत नाही, पण पहिल्या शिखरापासून बऱ्याच लांब दुसरं शिखर उभं असेल तर ते सुट्या कणांचं नव्हे.

कण पेशीविना काचेलाच चिकटत असतील तर काच बीएसएने किंवा पीईजीने झाका. पेशीवर चिकटलेत पण खरे की उगाच, हे ठरवायला तीन नमुने हवेत: लक्ष्य नसलेली पेशी, त्याच जातीची पण भलतीच अँटिबॉडी लावलेले कण, आणि आधी मोकळी अँटिबॉडी भरपूर घालून जागा अडवलेली पेशी. तिन्हींत कण जवळजवळ नाहीसे व्हायला हवेत. सीरम असलेल्या माध्यमात कणांवर सीरमची प्रथिनंही थर चढवतात, त्यामुळे बफरमधली चाचणी सीरममध्ये पुन्हा करा.

क्वांटम डॉट (अर्धवाहकाचे चमकणारे नॅनोकण) वापरणाऱ्यांची तक्रार वेगळी असते: कण मधेच विझतो, ट्रॅक तुटतो. ती गुठळी नव्हे, तो त्यांचा लुकलुकण्याचा स्वभावच आहे. उलट, जो ठिपका कधीच विझत नाही त्याच्यावरच संशय घ्या. तो बहुधा एकाहून जास्त डॉटचा पुंजका असतो. सोनं ना लुकलुकत ना विटत, म्हणून तर इतका खटाटोप. फक्त सोन्याला खेटून फ्लुरोसंट रंग लावलात तर सोनं त्याचा प्रकाश गिळतं. "रंग लागलाच नाही" असं समजून दोनदा लावू नका.

संथ गट खरा की खोटा

रिसेप्टरकडे जाण्याआधी कण मोकळ्या बफरमध्ये फिरू द्या. ६५ नॅनोमीटरच्या कणाचा विसरण गुणांक (कण किती भरभर पसरतो त्याचं माप) २५ अंशांच्या पाण्यात साधारण ७.५ चौरस मायक्रोमीटर प्रति सेकंद यायला हवा. ३७ अंशांवर तो तिसऱ्या हिश्शाहून थोडा जास्त वाढतो, कारण पाणी पातळ होतं. तेव्हा लेन्स थंड आणि स्टेज गरम असेल तर तुमचं तापमान नेमकं किती, हे विचारून घ्या. मोकळ्या बफरमध्येच जर दोन गट दिसले, तर पेशीला दोष देऊ नका. मग काचेवर पक्के चिकटवलेले कण घ्या आणि हजार फ्रेम टिपा. ते हलत नाहीत, तरी जागेच्या मोजमापातल्या चुकीमुळे हलल्यासारखे दिसतात आणि सरासरी वर्ग-विस्थापन (सरकलेल्या अंतराच्या वर्गाची सरासरी) एका पातळीवर अडकतं. "रिसेप्टर कोंडलेला आहे" असा निष्कर्ष काढलेला आलेख याच पातळीवर बसत असेल, तर कोंडलेलं काहीच नाही.

माझ्या दोन महिन्यांच्या संथ गटाचं असं झालं. तेजाच्या हिस्टोग्रामवर रेघ मारून तेजस्वी कण गाळले, तर संथ गटाचा मोठा भाग गायब झाला. त्या सगळ्या जोड्या आणि तिकड्या होत्या, खरवडलेल्या पापुद्र्यातून आलेल्या. थोडे संथ तरीही उरले, आणि ते सुटे, हिरवे, निर्दोष होते. आनंद झाला. मग कणावरची अँटिबॉडी कमी केली, बाकी जागा पीईजीने भरली. एका कणावर पन्नास अँटिबॉडी असल्या तर तो एकाच वेळी कितीतरी रिसेप्टर धरतो आणि त्यांना एकत्र बांधून आपणच संथ करतो. अँटिबॉडी उतरवत नेली तशी गती वाढत गेली आणि एका ठिकाणी स्थिरावली. उरलेले संथ कणही त्यात विरघळले. आता नवी अँटिबॉडी आली की मिठाच्या चाचणीबरोबरच ही उतरती रांगही लावते, आणि गती जिथे स्थिरावते तिथलंच प्रमाण, पीएच कशाने मोजला त्यासकट, वहीत लिहून ठेवते.